मिशनच्या शाळांनी आपला विश्वास फी काउंटरवरही लावावा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत मागच्या आठवड्यात एका पालकाने विचारलं होतं की मुलाला मिशनच्या शाळेत घालायचं चाललंय, इंग्लिश चांगलं, शिस्त चांगली, सगळं मान्य, पण ही शाळा नेमकं मानते काय आणि त्यातलं किती माझ्या पोराला मानावं लागणार. प्रश्न सरळ आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवं होतं. पण दोन दिवसांनी जे उत्तर छापून आलं ते वाचून मला जरा रागच आला. "आम्ही फक्त चांगल्या व्हॅल्यूज शिकवतो, बाकी काही नाही." मी खानापूर तालुक्यातल्या मराठी ख्रिस्ती घरातला, सगळी नोकरी मिशनच्या शाळेत गेली, आता रिटायर आहे, त्यामुळे आतल्या माणसाच्या हक्काने सांगतो की हे उत्तर अर्धवट आहे. खरं बोला, वेळेवर या, मोठ्यांना मान द्या हे तर म्युनिसिपालटीची शाळा पण शिकवते की ओ. मग गेटवर क्रूस कशाला आणि आतल्या भिंतीवर बायबलचं वचन कशाला?

आपल्या भागात या शाळा काही काल आलेल्या नाहीत. लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावात १८२० साली आले, त्यांच्या मिशनची इंग्लिश शाळा १८३२ ची, तीच पुढं मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडं जाऊन बेननस्मिथ म्हणून सगळ्यांना माहीत आहे. कॅम्पातलं सेंट पॉल्स १८५६ चं. म्हणजे दीडशे-दोनशे वर्षं शहापूर, वडगाव, टिळकवाडी, खेड्यापाड्यातली मराठी आणि कानडी पोरं या बाकांवर बसून बाहेर पडली, त्यातली बहुतेक हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत घरातली. इतकी वर्षं झाली तरी शेजारच्या पालकाला ही शाळा मानते काय ते विचारायला पेपरात पत्र लिहावं लागतंय, यात पालकाची चूक मला दिसत नाही.

आधी कायद्याचं, कारण लोकांच्या मनात तीच पहिली शंका असते. घटनेच्या ३० व्या कलमाने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा, चालवायचा हक्क आहे. आणि २८ व्या कलमात असं आहे की सरकारमान्य किंवा सरकारी मदतीच्या शाळेत कुठल्याही मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे शाळेला ख्रिस्ती असायचा हक्क आहे आणि तुमच्या पोराला त्या प्रार्थनेला न बसायचा हक्क आहे, दोन्ही एकाच वेळी खरं. कॅथलिक बिशपांच्या अखिल भारतीय परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचनाच काढल्या, इतर धर्माच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका, रोज सकाळी घटनेची उद्देशिका म्हणून घ्या असं त्यात आहे. किती शाळांनी ते मनावर घेतलं तो वेगळा विषय.

आता मानतात काय.

पहिली गोष्ट, देव एक, त्याने सगळं निर्माण केलं आणि माणसाला आपल्या प्रतिरूपाचं केलं. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात पहिल्या अध्यायातच आहे हे, सत्ताविसावं वचन. यात हुशार माणूस, फी भरलेला माणूस, आमच्या मंडळीतला (चर्चमधला) माणूस असं काही नाही, नुसता माणूस. तेव्हा ख्रिस्ती शाळेच्या हिशेबाने वर्गातलं प्रत्येक पोर, मग ते डॉक्टरचं असो नाहीतर उसाच्या फडावर जाणाऱ्याचं, देवाचं प्रतिरूप आहे. हे ऐकायला गोड वाटतं पण शाळा चालवताना फार अवघड आहे, कारण मग त्या पोराशी कसंही वागता येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका घरातली मुलगी, सहावीतली, एका मिशनच्या शाळेत जाते (नाव सांगत नाही, सांगून उपयोग पण नाही कारण हे एकाच शाळेत होतं असं नाही), तिची दुसऱ्या टर्मची फी राहिली होती, वडिलांचा गॅरेजचा धंदा बसलेला. असेंब्लीत प्रार्थना झाली, वचन वाचून झालं, आणि त्याच माईकवरून फी बाकी असलेल्या मुलांची यादी वाचली. नाव आलेल्या पोरांनी बाजूच्या व्हरांड्यात उभं राहायचं. पहिला तास सुटेपर्यंत ती पोरं तिथं उभी, दप्तर पाठीवर तसंच, येणारा जाणारा बघतोय. त्या व्हरांड्याच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलंय, "बालकांस माझ्याजवळ येऊ द्या, त्यांना मनाई करू नका." बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातलं, दहाव्या अध्यायातलं आहे ते, आणि येशू हे रागावून बोललाय, त्याच्याच शिष्यांवर रागावून, कारण तेच पोरांना अडवत होते. घरी येऊन ती पोरगी आईला म्हणाली, "उद्या मी शाळेला जाईत न्हाई, पैसे दिल्याव जातो." आता मला सांगा, त्या पोरीला शाळेने त्या सकाळी ख्रिस्ती धर्म शिकवला की नाही शिकवला? शिकवलाच की. उलटा शिकवला.

फी लागते हे मला कळतं, शिक्षकांचे पगार काय आकाशातून पडत नाहीत. पण पालकाला चिठ्ठी पाठवा, फोन करा, ऑफिसात बोलवा, हप्ते पाडून द्या. पोराला त्यात ओढायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट पापाची. हा शब्द काढला की लोक दचकतात, आमच्यातलेच इंग्लिश शिकलेले तर जास्तच. पण हे बाजूला ठेवून ख्रिस्ती विश्वास सांगताच येत नाही. आमचं म्हणणं असं की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा असला तरी बिघडलेला आहे, सगळे बिघडलेले, पोरं पण, मास्तर पण, हेडमास्तर, पाळक, फादर, ट्रस्टी पण. आणि माझ्या अनुभवात शाळेत पाप फक्त पोरांच्या खात्यावर मांडतात. मास्तरने वर्गात एखाद्या पोराचा पाणउतारा केला, नंतर कळलं की चूक त्याची नव्हतीच, तर त्याच वर्गासमोर "माझं चुकलं रे" म्हणणारे मास्तर मी दोन-तीनच बघितले. ज्या शाळेत मोठी माणसं माफी मागतात तिथं पोरांना माफी शिकवावी लागत नाही.

क्षमेचं मात्र एक स्पष्ट करतो कारण तिचा गैरवापर होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र विचारतो सात वेळा क्षमा करू का, तर येशू सांगतो सातच्या सत्तर वेळा. बरोबर. पण म्हणून कुणी मोठ्या माणसाने पोराच्या अंगाला वाईट हेतूने हात लावला तर ते "क्षमा करा, मंडळीचं नाव जाईल" म्हणून दाबायचं नसतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात टाकलेलं बरं, हे त्याच मत्तयात त्याच अठराव्या अध्यायात आहे. क्षमेचं वचन पाठ असणाऱ्यांनी जरा वर सरकून ते पण वाचावं.

तिसरी गोष्ट म्हणजे येशू ख्रिस्त स्वतः, आणि इथंच शाळावाले सगळ्यात जास्त गुळमुळीत बोलतात. गॅदरिंगला पाहुणे आले की "येशू थोर शिक्षक होते, प्रेमाचा संदेश दिला" इथंपर्यंत येऊन थांबतात. थोर शिक्षक होताच. पण ख्रिस्ती विश्वास तिथं थांबत नाही. देवाचा पुत्र माणूस झाला, गरिबाघरी जन्मला, सुतारकाम करणाऱ्या घरात वाढला, क्रूसावर आपल्या पापांसाठी मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि पवित्र आत्म्याने आज आमच्यात काम करतो, आणि परत येऊन न्याय करणार आहे. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तीन देव नव्हेत, एकच देव, यालाच आम्ही त्रैक्य म्हणतो. निकियाची धर्मसभा ३२५ सालची, तेव्हापासून थोड्याफार फरकाने हेच म्हणतोय आम्ही, कॅम्पातल्या कॅथलिक मिस्सामध्ये पण आणि आमच्या मेथडिस्ट उपासनेत पण. पोप, मरीया माता, साक्रामेंतं (पवित्र संस्कार), लहान पोरांचा बाप्तिस्मा यावर आमचे आपसात वाद आहेत आणि ते लहान नाहीत, पण मघाशी सांगितलं त्यावर वाद नाही.

हे सगळं तुम्ही मानावं असं मी म्हणत नाही. वारीला जाणाऱ्या घरातल्या माणसाला हे पटणार नाही, नमाज पढणाऱ्याला तर त्रैक्य अजिबातच पटणार नाही, ठीक आहे. पण जी शाळा चालवतेय ती माणसं हे मानतात एवढं तुम्हाला दारातच कळलं पाहिजे. लपवलं की संशय वाढतो. आमच्यातले काहीजण मला म्हणतात, "कशाला ओ सर उगीच, दिवस बरे नाहीत, गप्प बसून शाळा चालवूया की." त्यांची भीती मला कळते, खोटी नाही ती. पण गप्प बसून विश्वास कमावता येतो असं मला वाटत नाही, उलट "काहीतरी लपवालेत" हेच गावात पसरतं.

धर्मांतराचं भय घालणाऱ्यांना आणि उत्साहाच्या भरात पोरांच्या मागं लागणाऱ्या आमच्या काही मंडळींना, दोघांनाही मी मार्काच्या दहाव्या अध्यायातला तो श्रीमंत माणूस दाखवतो. तो येशूकडं धावत आला, गुडघे टेकले, प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं, ते झेपलं नाही म्हणून खिन्न होऊन निघून गेला. येशूने त्याच्यावर प्रीती केली असं लिहिलंय आणि तरी त्याला जाऊ दिलं. मागं पळाला नाही, अट कमी केली नाही, आमिष दाखवलं नाही. ज्याने मोठ्या शहाण्या माणसाला मोकळं सोडलं त्याच्या नावाच्या शाळेने आठ वर्षांच्या पोराकडून सक्तीने हात जोडून घेतले तर ते देवाला पोचतं काय? सक्तीची प्रार्थना आमच्याच विश्वासात बसत नाही, कायदा नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कृपा. माझ्या मते शाळेची परीक्षा इथं आहे आणि बहुतेक शाळा इथंच नापास. ख्रिस्ती विश्वासाचा कणा असा आहे की देव माणसाला त्याच्या कर्तबगारीवर स्वीकारत नाही, फुकट स्वीकारतो, आणि मग त्या स्वीकारातून माणूस बदलतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. सकाळी सहाला लागलेल्या मजुरांना ठरलेली दिवसाची मजुरी दिली, आणि संध्याकाळी पाचला, सुट्टी व्हायला तास उरलेला असताना आलेल्यांना पण तेवढीच. सकाळवाले भांडतात. आपल्याकडच्या कुठल्याही मजूर अड्ड्यावर हे केलं तर असंच भांडण होईल, आणि मी पण सकाळवाल्यांच्याच बाजूने बोललो असतो. पण उशिरा आलेल्यांना कामावर घेताना मालकाने विचारलेलं असतं, "दिवसभर इथं रिकामे का उभे राहिलात?", आणि ते म्हणालेले असतात, "आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही म्हणून." हे उशिरा आलेल्यांचं दुखणं त्याला दिसतंय. ते आळशी नव्हते, त्यांना कुणी निवडलंच नव्हतं.

आता या गोष्टीवर चालणाऱ्या शाळेत एसएसएलसीचा, म्हणजे आपल्या दहावीचा, निकाल कसा लागायला हवा? मे महिना आला की शाळांची फ्लेक्स लागतात, ६२५ पैकी ६१८, ६२५ पैकी ६१५, पोरांचे पासपोर्ट फोटो, खाली "शंभर टक्के निकाल" आणि त्याखाली देवाचे आभार. पोरांनी कष्ट केले, कौतुक व्हायलाच पाहिजे, माझा त्याला विरोध नाही. पण तो शंभर टक्के आकडा कसा तयार होतो ते आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. नववीत कच्च्या पोराच्या बापाला बोलवायचं, चहा पाजायचा, "तुमच्या मुलाला इथं झेपत नाही, दुसरीकडं बघा" म्हणून टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, हातात द्यायची. दहावीच्या यादीत ते पोर नसतंच, मग नापास कोण होणार? मी कॉमन स्टाफरूममध्ये बसून हे बोलणं कितीदा ऐकलंय. माझ्याकडं गणितात असा एक होता, नववीत दोन टेस्टमध्ये वीसच्या खाली, त्याला काढायचं ठरलं होतं, आमच्या त्या वेळच्या हेडमास्तरांनी ती टीसी सही न करता परत पाठवली आणि शेजारी पेन्सिलने लिहिलं, "हा आपला आहे." पोरगा दहावीला गणितात नापास झाला, पुरवणीला काठावर पास झाला, आमचा शंभर टक्के गेला. कमिटीत हेडमास्तरांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. माझ्या सगळ्या नोकरीत कृपेवर जेवढे उपदेश ऐकले त्यांच्यापेक्षा ती पेन्सिलची ओळ मला जास्त कळली.

कृपा म्हणजे लाड असंही काहीजण समजतात. तसं नाही. त्या पोराला रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवलं जायचं, चुकवलं की बोलणी खावी लागायची. फक्त हाकलायची भीती काढून घेतली होती, मग तो शिकायला लागला.

जातीचं पण बोललं पाहिजे, नाहीतर पत्र गुळगुळीत होईल. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद उरत नाही. आमच्यातले कितीतरी जण अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या घरांतून आलेत, त्यांना हे वचन म्हणजे श्वास आहे. तरी लग्न जमवताना आमच्यात आडनाव विचारतात, आणि शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईचा कप स्टाफरूमच्या खिडकीत वेगळा ठेवलेला मी बघितलाय. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारच्या उपासनेत प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याचं नाटक दरवर्षी करतात. तो कप आधी उचला.

आणि भाषा. आपल्या सीमाभागात हा विषय काढला की डोकी तापतात, मी तापवणार नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्यं ऐकली, असं प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या अध्यायात आहे. देवाने सगळ्यांना आधी एक भाषा शिकवून मग सांगितलं नाही. इथल्या चर्चमध्ये मराठी, कोकणी, कानडी, इंग्लिश सगळ्यात प्रार्थना होतात. मग शाळेत मराठी किंवा कानडी बोलल्याबद्दल पोराकडून दहा रुपये दंड कशावर घेतात? इंग्लिश शिकवा, चांगलं शिकवा, पालक त्याच्यासाठीच येतात. पण आईच्या भाषेला दंड लावणं हे बायबलमधून तरी येत नाही.

तर माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक मिशनच्या शाळेने, कॅथलिक असो, मेथडिस्ट असो, नाहीतर परवा निघालेली असो, एक पान लिहावं. आम्ही काय मानतो, आमच्या प्रार्थनेत काय होतं, तुमच्या मुलाला त्यात न बसायचा हक्क कसा आहे आणि त्या वेळात ते कुठं बसेल, फी थकली तर आम्ही काय करणार आणि काय करणार नाही, कच्च्या मुलाचं काय करणार, तक्रार कुणाकडं करायची. मराठीत, कानडीत आणि इंग्लिशमध्ये. सध्या अॅडमिशन फॉर्मच्या मागं बारीक इंग्लिशमध्ये चार ओळी असतात आणि बाप न वाचता सही करतो, तसं नको. ते पान फी काउंटरच्या काचेवर लावा, चॅपेलमध्ये लावून उपयोग नाही, तिथं आमचीच माणसं येतात. आणि पालकांनी ते वाचून, शाळा त्याच्या उलट वागली की तेच पान पुढं करून विचारावं. बायबल न मानणाऱ्या माणसाने "तुमच्याच पुस्तकात असं आहे की" म्हणून विचारलं तर आमच्या लोकांना जास्त लागतं, हा माझा अनुभव आहे.

ज्यांनी मूळ पत्र लिहिलं त्या पालकांना एवढंच सांगतो की शाळा बघायला जाल तेव्हा लॅब, स्मार्ट बोर्ड, ग्राउंड सगळं बघा, आणि जाता जाता ऑफिसात विचारा की गेल्या वर्षी नववीतून किती मुलांना टीसी दिली. उत्तर देताना समोरचा माणूस रजिस्टर उघडतो की विषय बदलतो ते बघा. फॉर्म सुटायला अजून थोडे दिवस आहेत, त्याआधी शाळांनी ते पान काढलं तर बरं, एकदा लाइन लागली की कोण वाचतंय.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव